जोत्याखालचे पाणी

दिवाळी तोंडावर आली की पुण्यातल्या रंगाऱ्यांना दिवस पुरत नाहीत. भिंती खरवडायच्या, लांबी भरायची, रंगाचे दोन हात द्यायचे आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पणत्या लावून 'घर कसे उजळले!' म्हणायचे, हा आपला वर्षाचा रिवाज. पण ज्या घरात तळमजल्याच्या भिंतीला ओल आहे, त्या घरातला हा उजेड संक्रांतीपर्यंतही टिकत नाही. तिळगूळ घ्यायला आलेली मंडळी कोचावर बसतात आणि त्यांच्या पाठीमागे पोपडे गळत असतात. कारण अगदी साधे आहे. चार महिने पाणी प्यालेली भिंत आश्विनात सर्वांत ओली असते. आणि नेमके तेव्हाच आपण तिच्यावर रबरासारखा रंग चढवून तिचे तोंड बंद करतो. आत कोंडलेले पाणी मग रंगालाच ढकलून बाहेर पडते.

यंदा या विषयावर लिहायचे ठरले ते विश्रांतवाडीहून आलेल्या एका पत्रामुळे. पत्र लिहिणाऱ्या बाईंचे घर आळंदी रस्त्याच्या आतल्या गल्लीत, तळमजल्याचे. सासऱ्यांनी १९८४ साली फंडाच्या पैशांतून दीड गुंठा जागेवर चार खोल्या बांधल्या. आता पुढच्या खोलीची भिंत कमरेपर्यंत ओली होते, तिला पांढरा लोणा फुटतो, आणि स्वयंपाकघरातली फरशी मोरीच्या बाजूने दोन बोटे खचली आहे. एका कंत्राटदाराने भिंतीत रसायन टोचण्याचा आणि फरशी नवी करण्याचा मिळून सव्वादोन लाखांचा अंदाज दिला, वर दहा वर्षांची हमी. मुलाचे म्हणणे, एवढा पैसा घालण्यापेक्षा जागा बिल्डरला द्यावी. सासूबाई पंच्याऐंशीच्या घरात. त्या ओल्या भिंतीलगतच त्यांचा पलंग, आणि पावसाळाभर खोकला. "त्या म्हणतात, मी या घरातून जाणार नाही. मुलगा म्हणतो, या घरात राहून आजीच राहणार नाही. आमच्याजवळ आहेत ते पैसे एकदाच खर्च करता येतील. कशावर करू ते सांगा," असे बाईंनी लिहिले होते.

असे पत्र आले की घरी बसून उत्तर देणे बरे नव्हे. गौरी-गणपती झाल्यावर एका रविवारी मी जाऊन आलो.

ओलीची तपासणी घराच्या बाहेरून सुरू करावी. आपण करतो नेमके उलट. भिंत आतून ओली, म्हणून आतूनच ठोकून, खरवडून पाहतो. मी पायऱ्यांपाशी उभा राहिलो तेव्हा आजी दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. दीड पायरी दिसत होती. म्हणजे एक पुरी, आणि एकीचा नुसता काठ.

"आजी, घर बांधलंत तेव्हा किती पायऱ्या होत्या?"

"चार. पालखीच्या दिवशी वारकरी टेकायचे ना इथं. खालच्या पायरीवर बसले तर पाय रस्त्याला लागायचे. आता कुणाला बसताच येत नाही."

प्रश्न अर्धा सुटला तो इथेच. घर खचले नव्हते. रस्ता वर आला होता. डांबराचा एक थर, त्यावर दुसरा, मग केव्हातरी काँक्रीट. जुना थर न खरवडता नवा अंथरायचा, ही आपल्याकडची जुनी खोड. रस्ता चढला तसे पाणी अंगणात शिरू लागले, म्हणून घरच्यांनी अंगणात राडारोडा टाकून वर पेव्हर बसवले. चाळीस वर्षांपूर्वी दोन फूट उंच असलेले जोते आज नऊ इंचांवर आले आहे. राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते की जोते सभोवतालच्या जमिनीपासून निदान ४५ सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट, उंच असावे. घर बांधले तेव्हा नियमात होते. रस्त्याने त्याला नियमाबाहेर ढकलले.

जोत्याचे महत्त्व आपल्या जुन्या माणसांना शिकवावे लागत नसे. शनिवारवाडा पाहा. १८२८ च्या आगीत त्याचे लाकडी इमले जळून गेले. तटाच्या आत आज जे उरले आहे ते दगडी जोतीच. कोकणात तर जांभ्याच्या उंच जोत्याखेरीज घराची कल्पनाच करता येत नाही. विटेचा आणि मातीचा स्वभाव दिव्याच्या वातीसारखा असतो. वात जशी तेल वर ओढते तशी भिंत जमिनीतले पाणी वर ओढते, आणि ते साधारण तीन फुटांपर्यंत, कधी त्याहून थोडे वर चढते. म्हणून जोत्याच्या माथ्यावर, भिंत सुरू होण्याआधी, दीडएक इंच घट्ट काँक्रीटचा आणि डांबराचा थर द्यायचा असतो. गवंडी त्याला डीपीसी म्हणतात. हा थर म्हणजे वातीला मारलेली गाठ. विश्रांतवाडीच्या घरात हा थर होता. सासऱ्यांनी काम अंगावर उभे राहून करून घेतले होते, असे आजींनी दोनदा सांगितले.

मग भिंत ओली का? बाहेर भिंतीला चिकटून विटांचा वाफा बांधलेला होता. त्यात मोगरा, गवती चहा, आणि कोपऱ्यात तुळस. वाफ्यातली माती आतल्या फरशीपेक्षा हातभर उंच. म्हणजे डीपीसी खाली राहिली आणि ओली माती तिच्या डोक्यावरून भिंतीला जाऊन भिडली. रोज संध्याकाळी दोन बादल्या पाणी झाडांना. त्यातले निम्मे भिंतीला. ओलीची रेघ वाफ्यापाशी कमरेइतकी होती आणि वाफा संपला तिथून उतरत उतरत दाराजवळ नाहीशी झाली होती. भिंतीवर जणू नकाशाच काढला होता. या भिंतीत रसायन टोचले असते तर ते टोचले असते खाली, आणि पाणी येत होते वरून.

रसायन टोचणे ही फसवणूक आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. भिंतीच्या बुडाशी चार-पाच इंचांवर ओळीने भोके पाडून पाण्याला नकार देणारे द्रव्य भरले की डीपीसीसारखी रेघ तयार होते. ज्या घराला डीपीसी मुळातच नाही आणि पाणी खरोखर जमिनीतून चढते आहे, तिथे त्याचा उपयोग होतो. पण तो शेवटचा उपाय. डॉक्टरने ताप न मोजता एकदम सुई टोचावी तसे ते पहिल्या दिवशीच करायचे नसते.

आता स्वयंपाकघराकडे. फरशीवर काठी ठोकत गेलो. मधोमध भरीव आवाज, मोरीकडे पोकळ. भिंतीपलीकडे मोरीचे पाणी घेणारे चेंबर. इथे मी बाईंकडून कपड्यांची नीळ मागून घेतली, चांगली मूठभर पाण्यात कालवून मोरीत ओतली आणि वर दोन बादल्या सोडल्या. चेंबरच्या अलीकडे, भिंतीलगत, मुलाने पहारीने वीतभर खड्डा केला होता. पंधरा-वीस मिनिटांत त्या खड्ड्यात निळे पाणी झिरपले. मोरीचा पाइप चेंबरपर्यंत पोचण्याआधीच सांध्यात निखळला होता. भांड्यांचे पाणी किती वर्षे जोत्याच्या भरावात मुरत होते कोण जाणे; मुरताना ते भरावातली बारीक माती घेऊन जात होते आणि वरची शहाबादी फरशी अधांतरी राहिली होती.

नीळ हे या कामातले सर्वांत स्वस्त हत्यार आहे. त्याच्या जोडीला आणखी दोन तपासण्या घरच्या घरी करता येतात. एक म्हणजे, रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवावा. मीटर नसेल तर गच्चीवरच्या टाकीत पाण्याच्या रेघेवर खूण करावी, वर चढणारे पाणीही बंद ठेवावे. सकाळी कोणी नळ सोडण्यापूर्वी पाहावे. आकडा किंवा रेघ हलली असेल तर पुरवठ्याचा पाइप गळतो आहे. दुसरी तपासणी भिंतीची. ओल्या जागी फूटभर प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि दोन दिवसांनी पाहावा. पाण्याचे थेंब कागदाच्या मागे, भिंतीकडच्या अंगाला असतील, तर पाणी भिंतीतून येते आहे. थेंब पुढच्या अंगाला असतील, तर ते खोलीतल्या हवेचे आहेत. भिंत थंड आहे आणि दमट हवा तिच्यावर घाम धरते आहे. अशा घरात भिंत फोडायची नसते. ओले कपडे खोलीत वाळत घालणे थांबवायचे, कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढायचे आणि स्वयंपाकाची वाफ बाहेर काढायची. त्याच पैशांत घरात एक पंखा येतो.

तिसरे पाणी पावसाचे. लोक त्याला हसण्यावारी नेतात, म्हणून हिशेब सांगतो. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस धरा. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर तो पडला तर सुमारे ६५,००० लिटर पाणी झाले, म्हणजे दहा हजारी टँकर साडेसहा. पन्हळीचा पाइप भिंतीच्या कडेलाच मोकळा सोडला असेल तर आपण दर पावसाळ्यात आपल्याच पायात साडेसहा टँकर रिते करतो. विश्रांतवाडीत तर जमिनीचाच कल आहे. पूर्वेला लोहगाव-धानोरीची बाजू उंच आणि पश्चिमेला मुळेचे पात्र खाली. उताराचे पाणी वाटेतल्या घरांना वळसा घालून जात नाही.

आणि ती जमीन कोणती? आपल्या गावगाड्यात 'काळी' आणि 'पांढरी' असे दोन शब्द आहेत. पिकते ती काळी, गाव वसते ती पांढरी. कळस, धानोरी, विश्रांतवाडी या भागात गावठाणे होती तेवढी पांढरीत; शहर वाढले ते काळीत. शेते गुंठ्यागुंठ्याने विकली गेली आणि ज्वारीच्या जागी घरे उगवली. (अशी गुंठेवारी नियमित करून घेण्याचा कायदा पुढे २००१ साली झाला.) काळ्या मातीत पाणी गेले की ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापसाला हा गुण मानवतो, घराला नाही. वर्षातून एकदा फुगणाऱ्या आणि एकदा आकसणाऱ्या जमिनीवर भिंत उभी असेल, तर तीही खालीवर होते. म्हणून पाया काळी खोदून मुरमापर्यंत किंवा कातळापर्यंत न्यावा लागतो. काळी फारच खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने यासाठीच बसवलेली एक युक्ती आहे. साधारण साडेतीन मीटर खोल भोक घेऊन बुडाशी त्याला कांद्यासारखा फुगवटा द्यायचा आणि काँक्रीट भरायचे. वरची माती कितीही फुगो, हा कांदा खालून घट्ट धरून ठेवतो. नवीन घर बांधणाऱ्यांनी आपल्या इंजिनिअरला 'अंडर-रीम्ड पाइल' एवढे दोन शब्द विचारावेत. उत्तर देता आले नाही तर दुसरा इंजिनिअर पाहावा.

विश्रांतवाडीच्या घराचा पाया मुरमात आहे. भिंतींना एकही मोठी भेग नाही. खचला तो फक्त जोत्याच्या आतला भराव. मी बाईंना सांगितले ते असे. आधी पाइप. सांधा नवा, चेंबर आतून गिलावा करून घट्ट. मग मोरीकडची फरशी उचलायची, मोडायची नाही. जुनी शहाबादी पुन्हा वापरता येते. खालचा भिजलेला भराव कठीण जमीन लागेपर्यंत काढायचा. त्यात भरायचा मुरूम. काळी माती नको, आणि अंगणात उरलेला राडारोडा तर मुळीच नको, कारण विटांच्या तुकड्यांमधल्या पोकळ्या नंतर बसतात. मुरूम एकदम ओतून वरून पाणी मारायचे नाही. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थर थोडा ओला करून धुम्मसाने कुटायचा. गवंड्याला हे काम कंटाळवाणे वाटते आणि तो तिसऱ्या थरापासून हात आखडतो. तेव्हा चहा घेऊन घरच्या कोणीतरी तिथे बसावे. वर जाड प्लॅस्टिकचा कागद, त्यावर तीन-चार इंच काँक्रीट आणि मग फरशी.

बाहेर वाफा काढायचा. बाई म्हणाल्या, "तुळसही?" तुळस काढायची नाही, हलवायची, अंगणाच्या मध्यावर वृंदावन बांधून द्या, तिची जागा मुळात तीच. भिंतीलगतचे पेव्हर हात-दीड हात रुंदीत उचलून माती खाली न्यायची आणि घराभोवती काँक्रीटची पट्टी करायची, भिंतीकडून बाहेर उतार देऊन. तिच्या कडेला उघडे गटार. रस्त्याचे पाणी आत येऊ नये म्हणून फाटकात आडवी जाळी. आणि गल्लीतल्या दहा घरांनी मिळून महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात एक अर्ज द्यायचा की यापुढे नवा थर देण्याआधी जुना खरवडून काढावा. एकट्याच्या अर्जापेक्षा दहा सह्यांचा अर्ज फायलीत जास्त वर राहतो.

या सगळ्याचा हिशेब आम्ही तिथेच वहीत मांडला. सव्वादोन लाखांच्या निम्म्याच्याही बराच आत बसला. मुलाने तो दोनदा तपासला. तो हुशार आहे आणि आजीवर त्याचे प्रेम आहे. पण घर विकायचे की नाही हा त्यांच्या घरचा प्रश्न, या सदराचा नव्हे. मी एवढेच म्हणालो, की विकायचे तर दुसऱ्या कारणासाठी विका. ओलीचे नाव सांगून विकलेत तर एका वाफ्यापायी आणि एका सांध्यापायी घर दिल्यासारखे होईल.

एक गोष्ट मात्र त्याच दिवशी करायला लावली. आजींचा पलंग मागच्या खोलीत नेला. ओल्या भिंतीवर बुरशी धरते, तिची बीजे हवेत तरंगतात, आणि दमेकऱ्यांना, म्हाताऱ्यांना, लहान मुलांना त्यांचा त्रास होतो. आजी कुरकुरल्या, त्या खिडकीतून त्यांना तुळस दिसते. पण गेल्या. भिंत दुरुस्त होईपर्यंत तेवढे सोसावे लागेल, आणि ती लवकर होणार नाही हेही मी लपवले नाही. पाणी बंद झाले तरी विटेची भिंत सावकाश वाळते. जाडीच्या दर इंचाला एक महिना असा ढोबळ हिशेब आहे. नऊ इंची भिंत कार्तिकात वाळायला लागली तर पुढचा पावसाळा येईतो जेमतेम वाळेल. तोवर गिलावा ओलीच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत उतरवून विटा उघड्या ठेवायच्या. लोणा कोरड्या कुंचल्याने झाडून, सुपलीत भरून बाहेर टाकायचा. पाण्याने धुतलात तर तो विरघळून परत भिंतीत शिरतो. खोलीची शोभा जाते, हे खरे. या दिवाळीला तिथे एक पडदा लावा आणि पाहुण्यांना खरे कारण सांगा. निम्म्या पाहुण्यांच्या घरी तीच भिंत निघेल.

आता भेगांविषयी, कारण इथे घरगुती शहाणपण अपुरे पडते. केसासारख्या भेगा गिलाव्याच्या असतात, त्यांचे भय नको. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी जाणारी भेग पायाची खबर आणते. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहा आणि काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवा. पट्टी तडकली तर भेग जिवंत आहे. भेगेत जाड पुठ्ठा शिरू लागला, दार चौकटीत अडू लागले, तर रंगारी नको आणि गवंडीही नको. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. त्याची फी जड वाटते, पण ती भिंतीहून हलकी असते.

मागच्या बाजूला मातीचा भराव धरून उभी असलेली भिंत असेल तर अधिकच सावध. २९ जून २०१९ च्या रात्री पावसात कोंढव्यातल्या एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ माणसे गेली. अशा भिंतीत पाणी निघून जायला भोके ठेवलेली असतात. कोणाला ती कुरूप दिसतात, कोणी त्यांत उंदीर शिरतात म्हणून सिमेंट भरतो. मागे साचलेल्या पाण्याचे ओझे मग भिंतीवर येते. एक मीटर उंच पाणी बुडाशी दर चौरस मीटरला एक टन रेटते. दोन मीटर असेल तर दोन टन. पावसाळ्याआधी आपल्या सोसायटीच्या भिंतीची भोके काठी घालून मोकळी करावीत. हे काम चेअरमनने रखवालदारावर न सोपवता एकदा स्वतः पाहावे.

जमीन वरून शाबूत दिसते म्हणून खाली शाबूत असतेच असेही नाही. २० सप्टेंबर २०२४ रोजी बुधवार पेठेत सिटी पोस्टाच्या आवारात महापालिकेचा एक ट्रक उभा असताना पेव्हरखालची जमीन दुभंगली आणि ट्रक मागच्या बाजूने सरळ खड्ड्यात गेला. चालक वाचला. आपल्या अंगणातले पेव्हर एके जागी पुन्हापुन्हा बसत असतील, तर दरवेळी वरून वाळू टाकून ते सारखे करू नका. एकदा उचला आणि खाली काय आहे ते पाहा. जुना आड, सोडून दिलेला शोषखड्डा किंवा फुटलेले गटार, यांतले काहीतरी निघते.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना वाटेल की हे सगळे बैठ्या घरांचे. पण पार्किंगचे तळघर त्यांच्याही पायाखाली आहे. तळघराच्या भिंतीला पाझर फुटला की आतून रंगासारखे काहीतरी फासण्याचा मोह होतो. बाहेरून टनाच्या हिशेबात रेटणारे पाणी आतल्या रंगाला सोलून काढते. पाणी अडवायचे ते भिंतीच्या बाहेरच्या अंगाने, आणि ते बांधतानाच. नंतर करायचे तर भेगांत दाब देऊन ग्राउट भरावे लागते, आणि राहिलेले पाणी एका खड्ड्यात गोळा करून पंपाने बाहेर फेकावे लागते. तो पंप वीज गेल्यावरही चालला पाहिजे, कारण मोठा पाऊस आणि गेलेली वीज ही जोडी ठरलेली. आणि तळघर माणसांना बसण्याची जागा नव्हे. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीत जुन्या राजेंद्रनगरला एका शिकवणीवर्गाच्या तळघरातल्या वाचनालयात पाणी शिरून तीन विद्यार्थी बुडाले. स्पर्धा परीक्षांसाठी आपलीही मुले तिथे जातात, पुण्यातल्या अभ्यासिकांतही बसतात. मुलाची खोली पाहायला जाल तेव्हा अभ्यासिकेचा जिनाही पाहून या. तो खाली उतरत असेल तर बाहेर पडायला दुसरी वाट आहे का ते विचारा.

सोसायटीत गळतीचा खर्च कोणाचा, यावर दर पावसाळ्यात भांडणे होतात. आदर्श उपविधींचा रोख असा, की गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामाईक पाइप यांची गळती सोसायटीने काढायची; एखाद्याच्या न्हाणीघरातून खालच्याच्या छतात पाणी उतरत असेल तर ते त्या सभासदाने. कोणाचे पाणी ते ठरत नसेल तर नीळ आहेच. इमारत पंधरा वर्षांची झाली की पाच वर्षांतून एकदा आणि तीस वर्षांपुढे तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यायचे, हेही त्याच उपविधींत आहे. आपल्या सोसायटीचे शेवटचे केव्हा झाले, हा प्रश्न पुढच्या सर्वसाधारण सभेत चहाच्या आधी विचारावा.

जागा संपत आली. राहिलेल्या दोन पत्रांना थोडक्यात उत्तरे.

ज्यांची कन्या न्यू जर्सीत आहे त्या ठाण्याच्या वाचकांस : तिकडच्या पुष्कळ लाकडी घरांना जोते नसते, घर आखूड खांबांवर किंवा बुटक्या भिंतींवर बसवलेले असते आणि खाली रांगत जाण्यापुरती पोकळी असते. तिथे हवा खेळावी म्हणून झरोके उघडे ठेवण्याची जुनी पद्धत होती. आता तिथले जाणकार दमट हवेच्या भागात उलटा सल्ला देतात, कारण उन्हाळ्यातली दमट हवा त्या थंड पोकळीत शिरून लाकडावर पाणी धरते. जमिनीवर जाड प्लॅस्टिक सांध्यांसह घट्ट अंथरावे, झरोके बंद करावेत आणि हवा कोरडी करणारे यंत्र ठेवावे. पण त्याआधी कन्येला पन्हळीचे पाणी घरापासून किती लांब पडते ते पाहायला सांगा. निदान दोन मीटर हवे.

सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या मालकांस : आपली भिंत विटांची, पण आतला सांधा मातीचा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा पेठांतल्या अशाच भिंती पाण्यात मऊ होऊन बसल्या, हे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिले असेल. अशा भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. सिमेंटने भिंतीचा श्वास कोंडतो आणि ओल दोन फुटांवरून चार फुटांवर चढते. चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याचाच हात द्या. तो दर दोन वर्षांनी द्यावा लागेल, त्याला इलाज नाही. चुना निदान आठवडाभर भिजवून मगच वापरावा. आणि तुळयांची भिंतीत गेलेली टोके आधी टोचून पाहा. ओलीमागोमाग तिथे वाळवी येते, आणि ती वरून दिसत नाही.